आजोबांचा खोखा आणि भाच्याचे बिल

दसरा झाला, की आमच्या घरी माळ्यावरची आवराआवर निघते. ती दरवर्षी निघते आणि दरवर्षी अर्धी राहते. कारण माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, आणि ती खाली आली म्हणजे मी तिच्यापाशी फतकल मारून बसतो व घरातील मंडळी माझा नाद सोडून देतात. पेटी आजोबांची. सांगलीच्या हळदपेठेत ते एका पेढीवर कारकून होते. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब लिहिला आणि मागे ठेवले ते एवढेच : दोन रोजकीर्दी, एक कलमदान आणि टोकदार तारेत ओवलेला जुन्या कागदांचा एक जुडगा.

त्या कागदांना खोखा म्हणत. आज मुंबईत 'खोका' म्हटले की लोक एक कोटी रुपये समजतात. आजोबांचा खोखा म्हणजे पैसे चुकते होऊन पुरी झालेली हुंडी. रक्कम दिली, भरपाई लिहून घेतली, की आजोबा हुंडीच्या पोटात तार खुपसत. भोक पडलेला कागद पुन्हा बाजारात चालावयाचा नाही. लहानपणी मला त्या तारेची भीती वाटे आणि ओढही वाटे. आजोबांचे जेवण झाले की मी तो जुडगा मांडीवर घेऊन बसे आणि ते एकेका कागदाची हकीगत सांगत.

२०२४ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ही पेटी मी उघडली तेव्हा माझा भाचा शेजारी बसला होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा लहानसा कारखाना आहे. तीन लेथ, एक संगणकावर चालणारे यंत्र, अकरा माणसे. पुण्याकडील एका मोठ्या कंपनीला तो पितळी बुश करून देतो. आवराआवरीला हात लावायला तो आलेला नाही, हे माझ्या ध्यानात आले होते. थोडा वेळ कागद चाळल्यासारखे करून तो म्हणाला,

"मामा, माणसांना पगार आणि बोनस द्यायचाय. दोनतीन महिन्यांसाठी काही जमंल का तुमच्याकडं?"

आदल्याच आठवड्यात त्याने ६ लाख ८० हजारांचा माल पाठविला होता. बिलही दिले होते. पैसे नव्वद दिवसांनी, म्हणजे संक्रांतीच्या तोंडावर मिळावयाचे. सूनबाईंच्या पाटल्या आधीच बँकेत तारण पडल्या होत्या. मी विचारले, की सरकारने असली बिले संगणकावर वटविण्याची काही सोय केली आहे असे वाचले होते, तिचे काय?

"नाव नोंदवलंय की मामा. पण बिल चढवलं, की ते आधी पार्टीकडं मंजुरीला जातं. पर्चेसचे साहेब म्हणणार, ह्याची पैशाची बोंब दिसतीया. पुढची ऑर्डर दुसऱ्याला. त्यापेक्षा शेकड्यानं काढलेलं बरं."

शेकड्याने म्हणजे दरमहा शेकडा दोन. मी हातातील खोखा उलटसुलट केला. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्यासमोर कागद धरावयास हा मुलगा भितो, आणि आजोबांचा सारा जन्म तो कागद समोर धरण्यावर आणि त्यावर 'सकारली' असे लिहून घेण्यावर गेला. मधल्या शंभर वर्षांत काय झाले, ते मी माझ्यापुरते पेटीपाशी बसून जुळवू लागलो. सणाच्या दिवसांत वाचकांनाही ते ऐकावयास हरकत नसावी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लक्ष्मीपूजनाला अजून वही मांडतात.

हुंडी म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावेच लागते. मुंबईच्या व्यापाऱ्याला सांगलीत हळद घ्यावयाची असली, तर तो रुपयांची थैली घेऊन आगगाडीत बसत नसे. मुंबईतील पेढीवर पैसे भरून तो सांगलीच्या पेढीवर लिहिलेली हुंडी घेई. कागद दाखविताच पैसे मिळावयाचे असले तर ती दर्शनी; ठराविक दिवसांनी मिळावयाचे असले तर मुदती. पैसे पोचविण्याबद्दल पेढी जी कसर घेई ती हुंडणावळ. मुदती हुंडीचा उपयोग आणखी मोठा. सांगलीच्या अडत्याने माल मुंबईस पाठविला, की तो घेणाऱ्यावर दोन महिन्यांची हुंडी लिही, ती येथल्याच सराफाला थोड्या कसरीने विके आणि शेतकऱ्याचे पैसे चुकते करी. दोन महिन्यांनी सराफ मुंबईत वसूल करी. मालाच्या मागे पैसा अडकून पडू नये याची ही तजवीज. समुद्रावरच्या व्यापारात तर जोखमी हुंडी असे : माल बंदरात सुखरूप लागला तरच पैसे, बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे नशीब. कर्ज आणि विमा एकाच कागदात! माझ्या भाच्याच्या संगणकावर जे आहे त्याला इंग्रजीत 'सप्लाय चेन फायनान्स' असे भारदस्त नाव आहे. आजोबांनी ते पाहिले असते तर मुदती हुंडी म्हणून एका दृष्टीत ओळखले असते.

कागदाची बंदिस्तीही पाहण्याजोगी आहे. माझ्यासमोर जी हुंडी आहे ती शके १८५० ची, एक हजाराची. रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरी, आणि मग 'निमे रुपये पाचशे, त्याचे दुप्पट पुरे'. कोणी एकावर शून्य वाढविले तर निम्मे जुळावयाचे नाही. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. आणि तीही गेली तर पंचांच्या सह्यांचे मेजर. सकारणाऱ्याने ऐनवेळी हात वर केलेच, तर त्याच गावातील दुसऱ्या सावकाराने अब्रू राखावी म्हणून सोबत जिकरी चिठ्ठी. हे सगळे पोचवावयाचे पायी चालणाऱ्या कासदाने किंवा जासुदाने. सावकारांचे हे जासूद किती चपळ होते याची साक्ष आपल्या इतिहासात फार दुःखाची आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी घात झाला. नर्मदा ओलांडून भेलशापर्यंत आलेल्या नानासाहेब पेशव्यांस त्याची बातमी दहा दिवसांनी कळली, ती स्वतःच्या हेरांकडून नव्हे. दक्षिणेकडे निघालेल्या सावकारी जासुदाजवळचे पत्र उघडले, आणि त्यात माणसांऐवजी मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब होता. साम्राज्याची डाक मागे राहिली आणि पेढीची पुढे गेली.

परंतु निम्मे-दुप्पट, पेठ-परपेठ ही झाली कागदाची कुलुपे. खरी किल्ली शहाजोग या शब्दात होती. शहाजोग हुंडीचे पैसे आणणाऱ्या कोणालाही मिळत नसत. ते 'शहा'ला, म्हणजे पेठेत नाव असलेल्या भल्या माणसालाच मिळावयाचे. अनोळखी मनुष्य हुंडी घेऊन आला तर त्याने आधी गावातील एखादा शहा गाठावयाचा आणि त्याच्यामार्फत कागद पुढे करावयाचा. पुढे हुंडी खोटी निघाली, तर त्या शहाने लबाडाला हजर करावे, नाही तर पैसे व्याजासह परत करावे. मराठीत या शब्दाची गंमत झाली आहे. एके काळी 'शहाजोग मनुष्य' ही शाबासकी होती. आज 'शहाजोगपणा करू नकोस' असे आपण मुलांना दटावतो. शब्द उतरणीला कोणत्या साली लागला कोण जाणे. पेढ्यांबरोबरच लागला असावा, अशी माझी आपली समजूत आहे.

जुडग्यात एक हुंडी अशी आहे की तिला तारेचे भोक आहे, पण मागे भरपाई नाही. तिची हकीगत आजोबा दरवेळी जरा आवाज उतरवून सांगत. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक तरणा मुलगा ती घेऊन आला. आजोबांनी 'शहा कोण?' म्हणून विचारले. पेठेतील एका अडत्याने, मुलगा आपल्या ओळखीचा आहे असे सांगून, आपल्या नावावर पैसे उचलून दिले. पाडव्यानंतर मुंबईहून पत्र आले, की अशी हुंडी आम्ही लिहिलीच नाही. मालकांनी आजोबांना अडत्याकडे पाठविले. अडत्याने पत्र वाचले, आजोबांना बसा म्हणून आत गेला आणि रक्कम व्याजासह आणून पुढ्यात ठेवली. पावती मागितली नाही. पुढे काही दिवसांनी त्याच्या घरी हळदीकुंकवाला आमची आजी गेली, तेव्हा त्या माउलीच्या हातात काचेच्या बांगड्यांखेरीज काही नव्हते.

मी लहानपणी ही गोष्ट अडत्याच्या थोरवीची म्हणून ऐकत असे. आता वयाच्या बाहत्तराव्या वर्षी ती मला त्या बाईच्या हातांची वाटते. पेठेचा विश्वास हवेवर उभा नव्हता. त्याची किंमत कोणाच्या तरी घरातून वसूल होत होती.

आणि तो विश्वास सगळ्यांसाठीही नव्हता, हे इतिहासाच्या मास्तराने लपविता कामा नये. सावकार सावकारावर भरवसा ठेवी. ज्या कुणब्याच्या हळदीवर हा डोलारा उभा, त्याला शहा कोण मिळणार? त्याच्या वाट्याला हुंडी येत नसे, रोखा येई; तो रोखा मोडीत लिहिलेला, आणि त्याने त्यावर नांगराची निशाणी करावयाची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांतून वह्या व रोखे बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. त्या दंग्याची ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की लोकांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता, सावकाराच्या जिवावर नव्हे. ज्या गावी रोखे मुकाट्याने हाती दिले तेथे बहुधा दंगा तेवढ्यावर मिटला. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि न्यायाधीशाने नुसती रोख्यावरची रक्कम न पाहता देण्याघेण्याचा मागचा इतिहास तपासावा, अशी त्यात तरतूद होती. एका बाजूलाच वाचता येणारा कागद विश्वासाला पुरत नाही, एवढे गोऱ्या सरकारलाही चार वर्षांत उमगले म्हणावयाचे.

हुंडीच्या बाबतीत मात्र सरकार सावधपणे वागले. १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा आजही, पुष्कळ दुरुस्त्यांनिशी, चालू आहे. चेक परत गेला म्हणजे ज्याच्या कलमाची लोकांना आठवण होते तोच हा. त्याच्या पहिल्याच कलमात, पौर्वात्य भाषांतील दस्तऐवजांविषयीचे स्थानिक रिवाज या कायद्याने बाधित होत नाहीत, असे म्हटले आहे. म्हणजे इंग्रजी बिल कायद्याने चालावे आणि हुंडी पेठेच्या रिवाजाने. दोन विश्वासांचे दोन दरवाजे झाले. ते एक करण्याचा प्रयत्न रिझर्व्ह बँकेने १९३७ साली केला. देशी सराफांनी इतर व्यापार सोडून फक्त सराफी करावी, वह्या नीट ठेवून त्या तपासू द्याव्यात, आणि त्या बदल्यात रिझर्व्ह बँकेकडे हुंड्या वटविण्याची सोय घ्यावी, अशी ती योजना होती. सराफांनी ती मानली नाही. व्यापार सोडणे त्यांना परवडणारे नव्हते हे एक. आणि वही दुसऱ्याला दाखवावयाची हे दुसरे. आजोबांच्या मालकांनी काय केले असते याविषयी मला शंका नाही. त्यांची वही त्यांच्या सख्ख्या भावालाही पाहावयास मिळत नसे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रिझर्व्ह बँकेने बिलांच्या बाजाराची योजना आणली, १९७० साली पुन्हा नवी आणली. समित्यांवर समित्या झाल्या. बिल काही रुजले नाही. मुद्रांकाचा खर्च, कागदपत्रांची कटकट, कॅश क्रेडिटची सवय अशी पुष्कळ कारणे पुस्तकांत सापडतात आणि ती खरीच आहेत. पण त्या यादीत एक कारण खालच्या आवाजात सांगितलेले असते : माल घेणारा बिल सकारावयास राजी नसे. सकारले म्हणजे अमुक दिवशी अमुक रक्कम देईन असे लिहून दिले. तोंडी 'बघू, पुढच्या महिन्यात पाठवतो' म्हणण्यात जी ऐट आहे ती लिहून देण्यात कुठली? हुंडीच्या काळी सकारणे हे मोठेपणाचे लक्षण होते. न सकारणाऱ्याची पेठेत नाचक्की होई. आमच्या काळात न सकारणे हे मोठेपणाचे लक्षण झाले. उलटापालट झाली ती नेमकी येथे, असे मला वाटते. संगणक पुष्कळ नंतर आला.

मग कायद्याने लहानांची बाजू घेतली. १९९३ साली, लघुउद्योगांचे पैसे उशिरा देणाऱ्याने व्याज द्यावे असा कायदा झाला. २००६ च्या कायद्याने मुदत जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांची ठरविली आणि उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज लावले. एवढे कडक व्याज आजोबांच्या पेठेनेही क्वचितच घेतले असेल. माझ्या भाच्याने हे व्याज आजवर एकदाही मागितलेले नाही. "मागितलं तर मिळंल मामा," तो म्हणतो, "पण एकदाच मिळंल."

ज्या सोयीविषयी आमचे बोलणे चालले होते तिचे मूळ येथे आहे. मेक्सिकोत सरकारी विकासबँकेने २००१ साली मोठ्या खरीददारांची बिले संगणकावर वटविण्याची व्यवस्था सुरू केली होती. आपल्याकडे २०११ साली येणे विकत घेण्याच्या धंद्याचा, म्हणजे फॅक्टरिंगचा, कायदा झाला. डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम जाहीर केले, आणि २०१७ साली 'ट्रेड्स' या नावाने ओळखले जाणारे मंच चालू झाले. आरंभी तीन होते, पुढे आणखी आले. त्यांचे काम समजावयास हुंडी समजलेली असली की पुरे. कारखानदार बिल संगणकावर चढवितो. खरीददार कंपनी ते पाहून 'मान्य' म्हणते, हेच सकारणे. मग निरनिराळ्या बँका, आम्ही इतक्या कसरीने वटवितो, अशी बोली लावतात. कारखानदार त्यांतली एक पसंत करतो आणि दिवसा-दोन दिवसांत पैसे त्याच्या खात्यात पडतात. मुदत भरली, की कंपनीच्या खात्यातून रक्कम आपोआप बँकेकडे वळती होते. कंपनीने पैसे दिले नाहीत तर बँकेने कंपनीशी भांडावे. कारखानदाराच्या दाराशी तिला परत येता येत नाही. अडत्याच्या बायकोच्या पाटल्या येथे सुरक्षित आहेत, असे मी भाच्याला म्हणालो. त्याला ती गोष्ट ठाऊक नव्हती. मग ती सांगावी लागली.

बँकेने भाच्याला ओळखण्याचीही गरज नाही, ही यातली खरी नवलाची गोष्ट. ती पत पाहते कंपनीची. म्हणून ज्या माणसाला स्वतःच्या नावावर बारा टक्क्यांनी कर्ज मिळते त्याचे बिल आठ टक्क्यांच्या आतबाहेर वटते. शहा शोधावयास पेठेत हिंडावयास नको. माल घेणाराच शहा. मात्र त्यामुळे सगळा भार त्या एका 'मान्य' शब्दावर येऊन पडतो, आणि तो शब्द कंपनीच्या हाती आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पाचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नाव नोंदविणे सक्तीचे केले गेले. नाव नोंदविण्याची सक्ती झाली. बिल सकारण्याची नव्हे. देवळात जाण्याची सक्ती करता येते, नमस्काराची करता येत नाही.

यंत्राविषयी लोक भितात ते अगदीच निराधार आहे असेही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेचे प्रकरण उघडकीस आले. हिऱ्याच्या व्यापाऱ्यांसाठी परदेशातील बँकांना हमीपत्रे पाठविली जात होती. ती पाठविण्याची यंत्रणा उत्तम, जगभर मान्य. पण हमीची नोंद बँकेच्या मुख्य हिशेबात होत नव्हती, कारण दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. निरोप जाई आणि कीर्दीत ओळ पडत नसे. अकरा हजार कोटींहून अधिक रकमेचा घोटाळा म्हणून तो प्रथम जाहीर झाला, पुढे आकडा आणखी वाढला. मार्च महिन्यात रिझर्व्ह बँकेने तसली हमीपत्रे बंदच केली. मी ती बातमी वाचली तेव्हा आजोबा डोळ्यांसमोर आले. रोज संध्याकाळी, शिल्लक जुळल्याखेरीज ते पागोटे डोक्यावर ठेवीत नसत, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक हुंडीची ओळ कीर्दीत आहे की नाही हे बोट ठेवून पाहत. एवढ्या कोटींच्या बँकेत बोट ठेवून पाहणारा नव्हता. बिलांच्या मंचांनी यातून धडा घेतला म्हणा किंवा आधीच शहाणपण होते म्हणा, एकच बिल दोन ठिकाणी वटविले जाऊ नये म्हणून सामायिक नोंदीची व्यवस्था त्यांनी केली. तारेने भोक पाडण्याचेच काम ते. वस्तू-सेवा कराची बिले संगणकावर नोंदली जाऊ लागल्यापासून बिल खरे की बनावट हेही ताडून पाहता येते.

हे सगळे मी भाच्याला सांगितले, पेटीपाशी बसून, दोन वेळा चहा घेत. त्याने नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तुमच्या आजोबांच्या वेळी पेढीवर जाऊन समोर बसता येत होतं. मी कुणासमोर बसू?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तरी त्याने दुसऱ्या दिवशी बिल चढविले. आणि वाट पाहू लागला. आठवडा गेला. संगणकावर 'मान्यतेच्या प्रतीक्षेत' एवढेच. अक्का रोज सकाळी देवापुढे साखर ठेवी आणि मला फोन करी : "तूच सांगितलंस त्याला. आता ते लोक रागावले असले तर?" मीही मनातून चरकलो होतो. चाळीस वर्षे वर्गात इतिहास शिकविला, पण त्याच्या जोरावर कोणाच्या पोटापाण्याला हात घातला नव्हता. दहाव्या दिवशी भाचा पहाटेच्या एस.टी.ने पुण्यास गेला आणि कंपनीच्या हिशेब खात्याबाहेरील बाकावर चार तास बसला. शेवटी एक कारकून बाहेर आला. साधाच गृहस्थ, डबा खाऊन हात पुसत आलेला. त्याने संगणकात पाहिले आणि म्हणाला, "अहो, माझी मान्यता झालीय. दुसरी सही साहेबांची लागते, ते मुलीच्या बारशाला गावी गेलेत. उद्या येतील."

एवढेच होते. कोणी रागावलेले नव्हते. कोणाच्या ध्यानातही ते बिल नव्हते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बिल मान्य झाले. तीन बँकांच्या बोल्या आल्या. सर्वांत कमी शेकडा ७.९ ची. मध्ये शनिवार-रविवार गेला आणि वसुबारसेच्या दिवशी पैसे जमा झाले. त्र्याहत्तर दिवसांची कसर झाली १०,७४४ रुपये, वर मंचाची थोडी फी. शेकड्याने काढले असते तर तेवढ्या दिवसांचे ३२,६४० पडले असते. हे गणित अक्काने बोटांवर केले, मी कागदावर केले, दोन्ही जुळले. धनत्रयोदशीला अकरा माणसांना पगार आणि बोनस मिळाला.

त्याच नोव्हेंबरात सरकारने नोंदणीची मर्यादा पाचशे कोटींवरून अडीचशे कोटींवर आणली. भाच्याची पुढची ऑर्डर नेहमीएवढी आली. त्याच्या पुढची थोडी कमी आली. ती का कमी आली, बाजार मंद होता म्हणून की बिल चढविले म्हणून, हे त्याला आजतागायत कळलेले नाही. तो विचारणारही नाही. मात्र त्याने त्यानंतरही दोन बिले चढविली, आणि दोन्ही वेळा त्या डबेवाल्या कारकुनाला आधी फोन केला. त्या गृहस्थाचे नाव आता आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे.

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाला आम्ही कुपवाडला गेलो होतो. पाटावर नवी वही, तिच्यावर केशराचे स्वस्तिक, शेजारी भाच्याचा संगणक. अक्काने वहीला हळदकुंकू वाहिले आणि बोट संगणकापाशी नेऊन थांबली. कुंकू आत गेले तर बिघडेल म्हणाली. मग सूनबाईने झाकण मिटवून दिले. आरती झाल्यावर भाच्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. मुदत भरलेल्या एका जुन्या बिलाची छापील प्रत होती, साधी, संगणकातून काढलेली. मी त्याला देण्यासाठी आजोबांची तार पिशवीतून आणली होती, हे त्याला अक्काने सांगितले असावे.

"मामा," तो म्हणाला, "कुठनं खुपसायची असते?"

मी दाखविले.